कुत्र्यासह कोकणकिनारी

सुट्टीत कोकणात जावयाचे ठरले म्हणजे घरातील लहानथोर सर्वांची व्यवस्था आधी होते. प्रश्न उरतो तो कुत्र्याचा. शेजाऱ्यांच्या गळ्यात त्यास घालावे, तर त्यांनाही सुट्टी असते. पैसे घेऊन कुत्री सांभाळणारी घरे आता मुंबई-पुण्यात निघाली आहेत. पण रोज पायांशी लोळणारे जनावर आठ दिवस परक्याच्या ओसरीवर बांधून जावयास पुष्कळांचे मन घेत नाही. शेवटी त्यास बरोबर न्यावयाचे ठरते, आणि खऱ्या विचारास येथूनच आरंभ व्हावयास पाहिजे. प्रत्यक्षात तसे होत नाही. कुत्रा म्हणजे एक जास्तीचे गाठोडे असे समजून त्यास मोटारीत चढविले जाते आणि समुद्र दृष्टीस पडताच पट्टा सोडून दिला जातो. पुढे जे काही घडते त्याचा दोष मग कुत्र्यावर, गावावर किंवा समुद्रावर येतो. ज्याने पट्टा सोडला त्याच्यावर सहसा येत नाही.

वास्तविक समुद्रकाठची पायपीट ही कुत्र्यास व त्याच्या धन्यास सारखीच मानवणारी गोष्ट आहे. ओहोटीने मोकळी केलेली ओली पुळण पायास घट्ट लागते. तीवर चालताना गुडघ्यांस धक्का बसत नाही. वाहनांची भीती नाही, वारा अंगावर येत असतो, आणि कुत्र्याच्या नाकास तर शहरात वर्षभर मिळणार नाहीत इतके वास एका सकाळीत मिळतात. परंतु कोकणचा किनारा ही बाग नव्हे. तेथे समुद्राचे वेळापत्रक असते, कोळ्यांचे वाळवण असते, आणि वाळूखाली कधी कधी अशी ठेव असते की एका कुत्र्याच्या चार पायांनी पाच मिनिटांत तिचा नाश व्हावा.

इंग्लंडच्या नैर्ऋत्य टोकास माइनहेडपासून पूल बंदरापर्यंत किनाऱ्याने जाणारी सुमारे ६३० मैलांची एक प्रसिद्ध पायवाट आहे. चोरटा माल उतरविणारांवर नजर ठेवण्यासाठी तेथील पहारेकरी कड्याकड्याने गस्त घालीत; त्यांच्या पायाखाली ती मळली आणि पुढे सुट्टी घालविणारांच्या उपयोगी आली. त्या देशात कुत्रा घेऊन चालणे ही नित्याचीच गोष्ट आहे. तरीही तेथील अनेक पुळणींवर उन्हाळ्याच्या महिन्यांत कुत्र्यांस मज्जाव असतो. कोकणात अशी सलग पायवाट नाही आणि भूमीची ठेवण पाहता ती सहज होणारीही नाही. येथे डोंगराचा एक सोंडा समुद्रात घुसतो, त्यापुढे अर्धचंद्राकृती पुळण लागते, तिच्या शेवटास खाडी आडवी येते, आणि खाडीपलीकडे पुन्हा नवा सोंडा. म्हणून कोकणची भ्रमंती तुकड्यातुकड्यांनी करावयाची असते: एक दिवस एक पुळण, दुसऱ्या दिवशी एक कडा. कुत्र्याच्या दृष्टीने हे बरेच आहे. मैलोगणती चालण्याची हौस माणसास असते, त्यास नसते.

या तुकड्यांतून निवड करावयाची तर सावित्री नदीच्या मुखापासून दाभोळच्या खाडीपर्यंतचा पट्टा घ्यावा. रायगड जिल्ह्याचे दक्षिण टोक व रत्नागिरी जिल्ह्याचा उत्तर भाग यांत तो येतो. मुंबईहून हरिहरेश्वर सुमारे २०० किलोमीटर आहे. पुण्याची मंडळी ताम्हिणी घाटाने माणगावास उतरतात. घाटातील वळणांनी कुत्र्यास उलट्या होतात, याकरिता निघण्यापूर्वी तीन-चार तास त्यास खावयास देऊ नये. पाणी मात्र थोडे थोडे द्यावे. आगगाडीने जावयाचे असल्यास हरिहरेश्वराकरिता माणगाव व दापोलीकरिता खेड ही कोकण रेल्वेची स्थानके सोयीची. रेल्वेच्या नियमाप्रमाणे पहिल्या वर्गाचा संपूर्ण डबका, म्हणजे दोन किंवा चार जागांची बंद खोली, राखून घेतली तरच कुत्रा जवळ ठेवता येतो. एरवी त्यास गार्डाच्या डब्यातील पिंजऱ्यात घालावे लागते. कोकणच्या उकाड्यात त्या पिंजऱ्यातून नेण्यापेक्षा मोटारीची वाट बरी. तीतही एक पथ्य कडकपणे पाळावयास पाहिजे: चहाकरिता उतरताना कुत्र्यास बंद मोटारीत ठेवावयाचे नाही. उन्हात उभी असलेली बंद मोटार थोड्याच मिनिटांत भट्टीसारखी तापते, आणि काच बोटभर खाली ठेवल्याने ती निवत नाही.

किनाऱ्यास पोचल्यावर प्रथम विचारावयाची गोष्ट म्हणजे भरतीची वेळ. घाटावरच्या माणसास समुद्र केव्हाही सारखाच दिसतो. कोकणातील पोरासही तो घटकेघटकेस वेगळा दिसतो. पाणी दिवसातून दोनदा चढते व दोनदा उतरते. एका भरतीपासून दुसऱ्या भरतीपर्यंत सुमारे बारा तास पंचवीस मिनिटे जातात. म्हणून आजची भरती उद्या सुमारे पन्नास मिनिटे उशिरा येते. अमावास्या व पौर्णिमा यांच्या सुमारास सूर्य व चंद्र यांची ओढ एका रेषेत पडते आणि पाणी फार चढते, तसेच फार उतरते. यास उधाण म्हणतात. अष्टमीच्या सुमारास त्या दोन ओढी परस्परांशी काटकोन करतात, तेव्हा चढउतार थोडा असतो. तो भांग होय. मुंबईकडे उधाणाच्या वेळी पाण्याच्या पातळीत चार मीटरांहून अधिक फरक पडतो. दक्षिणेस जावे तसतसा तो कमी होत जातो.

वेळ काढण्याची कोकणातील जुनी रीत फार सोपी आहे. तिथीच्या आकड्याची पाऊणपट करावी. जो आकडा येईल त्या वाजता भरती पूर्ण होते. पंचमी असेल तर पाचाची पाऊणपट पावणेचार. म्हणजे पहाटे पावणेचारास भरती, सकाळी दहाच्या सुमारास ओहोटी पूर्ण, आणि दुपारी सव्वाचारास पुन्हा भरती. पौर्णिमेस पंधराची पाऊणपट सव्वाअकरा. म्हणजे माध्यान्हीच्या आत-बाहेर भरती व सायंकाळी साडेपाच-सहास ओहोटी. यावरून सुट्टीचा बेत ठरविणारास एक उपयुक्त गोष्ट कळते. पौर्णिमा-अमावास्येच्या जवळच्या दिवसांत सकाळ व संध्याकाळ या दोन्ही थंड वेळांस पुळण रुंद व घट्ट मिळते आणि समुद्र आपले चढणे भर उन्हात उरकून घेतो. अष्टमीस याच्या उलट. सकाळी सहा व सायंकाळी साडेसहास पाणी चढलेले आणि चालावयास जागा मिळते ती दुपारी बारास, जेव्हा कोणी बाहेर पडू नये. या रीतीत अर्धाएक तासाचा, भांगाच्या दिवसांत कधी त्याहूनही अधिक फरक पडतो, हे ध्यानात ठेवावे. मोकळ्या पुळणीवर तेवढा फरक चालतो. जेथे पाण्याने परतीची वाट बंद होते तेथे छापील भरतीपत्रक किंवा हातातल्या फोनवर मिळणारी अधिकृत वेळच पाहिली पाहिजे. अलिबागेसमोरच्या कुलाबा किल्ल्यात ओहोटीच्या वेळी पायी जाता येते; परंतु तटावर रेंगाळणारांस भरती आल्यावर होडीची वाट पाहावी लागते, आणि बरोबर भेदरलेला कुत्रा असल्यास होडीवालाही हात आखडतो.

हरिहरेश्वर हे वेळेचा हिशेब न करणारांस क्षमा न करणारे स्थान आहे. श्रीवर्धन तालुक्यातील हे क्षेत्र; त्यास दक्षिण काशी म्हणतात. पेशव्यांचे मूळ गाव श्रीवर्धन, आणि हरिहरेश्वर हे त्यांचे कुलदैवत. येथील शिरस्ता असा की, प्रथम काळभैरवाचे दर्शन घ्यावयाचे, मग हरिहरेश्वराचे आणि पुन्हा काळभैरवाचे. भैरवाचे वाहन कुत्रा. त्यामुळे कुत्रा घेऊन आलेल्या यात्रेकरूस येथे आपण अगदीच अनाहूत नाही असे वाटल्यास नवल नाही. धर्मराजाने तर कुत्र्याकरिता स्वर्गाचे दार नाकारले होते. तथापि पुराणातील अधिकार देवळाच्या आवारात चालवू पाहू नये. घरातील एकाने कुत्र्यास घेऊन बाहेर सावलीत थांबावे, इतरांनी दर्शन घ्यावे, मग पाळी बदलावी. गावकऱ्यांचे मन दुखविण्याचे कारण नाही.

देवळामागून प्रदक्षिणेची वाट निघते. प्रथम थोडी चढण, मग दोन उभ्या कड्यांच्या चिरेतून खाली उतरणाऱ्या पायऱ्या, आणि त्या चिरेच्या तोंडाशी एकाएकी उघडणारा समुद्र. खाली लाटांनी शेकडो वर्षे घासून तयार केलेला खडकाचा विस्तीर्ण ओटा आहे. कड्याच्या अंगावर मधमाशांच्या पोळ्यासारखी छिद्रे पडलेली दिसतात. खाऱ्या पाण्याचे तुषार खडकात मुरतात, पाणी वाळून मीठ स्फटिकरूप होते आणि ते खडकाचे कण उखडीत राहते, त्याचा हा परिणाम. गायत्रीतीर्थ, शुक्लतीर्थ अशी नावे असलेल्या जागा वाटेवर लागतात. कोकणच्या किनाऱ्यावर इतक्या थोड्या अंतरात इतके पाहावयास देणारी दुसरी वाट क्वचितच असेल.

परंतु ही वाट ओहोटीची आहे. भरती चढू लागली म्हणजे ओटा पाण्याखाली जातो, मागे कडा उभा असतो, आणि शेवाळलेल्या खडकावर पळता येत नाही. लाटेने येथून माणसे ओढून नेल्याचे दुःखद प्रसंग घडले आहेत. गावकरी व सूचनाफलक दोघेही ते सांगतात, आणि दरवर्षी कोणीतरी ते ऐकत नाही. कुत्रा बरोबर असता हा धोका दुप्पट होतो. कारण उघड आहे. लाट अंगावर येताच कुत्रा बिथरतो. कधी पाण्याकडे, कधी घसरणीकडे धावतो, आणि त्यास वाचविण्याकरिता जो मनुष्य मागे उडी घेतो तो कुत्र्याहून जड व पोहण्यात अनेकदा त्याहून कच्चा असतो. शिवाय या खडकांवर कालवे चिकटलेली असतात. त्यांच्या कडा वस्तऱ्यासारख्या तीक्ष्ण असून कुत्र्याच्या तळपायाची गादी चिरली म्हणजे ती लवकर भरून येत नाही. म्हणून प्रदक्षिणा माणसांनी ओहोटी पूर्ण होण्याच्या आधी तासभर निघून करावी, आणि कुत्र्याने खुशाल गावाच्या पुळणीवर चालावे. पावसाळ्यात तर येथे कोणीच उतरू नये.

हरिहरेश्वरापासून जवळच बागमांडला आहे. तेथून मोटारीही वाहून नेणारी जंगलबोट, जिला लोक जंगार म्हणतात, सावित्रीची खाडी ओलांडून वेसवीस नेते. बोटीच्या यंत्राची धडधड प्रथमच ऐकणारा कुत्रा कठड्यावरून उडी टाकण्याचा संभव असतो. त्यास आखूड धरावे आणि फळीवरून मोटारी उतरून जाईपर्यंत हलू देऊ नये. पलीकडच्या तीरावर बाणकोटचा किल्ला व त्यापुढे वेळास. नाना फडणविसांचे मूळ गाव म्हणून वेळासचे नाव इतिहासात आहे. आज ते ज्या कारणाने सर्वतोमुखी झाले आहे ते कारण मात्र समुद्रातून येते.

ऑलिव्ह रिडले जातीच्या कासवाची मादी हिवाळ्याच्या रात्री भरतीच्या रेषेवर चढून येते. मागच्या पायांनी ती वाळूत सुमारे दीड फूट खोल, सुरईच्या आकाराचा खळगा करते. त्यात शंभराच्या आसपास अंडी घालते, वाळू लोटते, आपल्या अंगाने ती थापटते आणि मागे न पाहता समुद्रात परत जाते. पुढची राखण वाळूची व उन्हाची. पंचेचाळीस ते साठ दिवसांत पिल्ले बाहेर येतात. पिल्लू नर निघावयाचे की मादी, हे वाळूच्या उष्णतेवर ठरते. वाळू अधिक उष्ण असली तर माद्या अधिक निघतात. बाहेर पडलेली पिल्ले उजळ क्षितिजाच्या रोखाने सरपटत पाणी गाठतात. त्यांतून वाढून प्रौढ होणारे पिल्लू हजारांत एखादेच, असे मानतात. या प्राण्याचा प्रवास केवढा, याची एक गोष्ट नुकतीच उघड झाली. ओडिशाच्या किनाऱ्यावर २०२१ साली खुणेची पट्टी लावलेली एक मादी २०२५ च्या जानेवारीत गुहागरच्या पुळणीत अंडी घालताना आढळली. देशाच्या पूर्व अंगाहून पश्चिम अंगास ती आली होती.

एके काळी ही अंडी या किनाऱ्यावर सर्रास उकरून नेत. २००२ साली चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र या संस्थेने वेळासच्या ग्रामस्थांस बरोबर घेऊन संरक्षणाचे काम सुरू केले. गावातील तरुण भल्या पहाटे पुळण चालून जातात, मादीच्या पायांनी उमटलेली रुंद वाट शोधतात, तिच्या शेवटास घरटे हुडकतात आणि अंडी काळजीपूर्वक काढून कुंपण घातलेल्या जागेत तशाच खोलीवर पुन्हा पुरतात. पिल्ले निघाली म्हणजे सकाळी व सायंकाळी ती समुद्रात सोडली जातात. हा सोहळा पाहावयास दूरदूरचे लोक येतात, गावातील घरांतून उतरतात, आणि जी अंडी पूर्वी एकदाच विकली जात त्यांच्या राखणीवर आता गावास दरवर्षी चार पैसे मिळतात. आंजर्ले आणि इतर अनेक गावांनीही ही वाट धरली आहे.

येथेच पाहुण्याच्या कुत्र्याचा प्रश्न उभा राहतो. माणसाखालोखाल या अंड्यांचे शत्रू म्हणजे कोल्हे, घोरपडी आणि कुत्री. मादीने कितीही थापटले तरी ताज्या घरट्याचा ओला वास कुत्र्याच्या नाकापासून लपत नाही. उकरणे हा त्याचा स्वभाव; शहरात त्यास उकरावयास माती नसते, येथे तीन किलोमीटर वाळू सापडते. धनी सूर्योदयाचे छायाचित्र घेण्यात गुंतला असता त्याचे लाडके जनावर मागे काय उकरीत आहे हे त्याच्या ध्यानात येईपर्यंत शंभर अंड्यांचा निकाल लागलेला असतो. अंडी शाबूत राहिली तरी कुत्र्याच्या धावण्याने मादीची वाट पुसली जाते आणि पहाटे निघालेल्या राखणदारास घरटे सापडत नाही. न सापडलेले घरटे मग गावच्या मोकाट कुत्र्यांचे होते. कायद्याचे म्हणावे तर १९७२ च्या वन्यजीव संरक्षण अधिनियमाच्या पहिल्या अनुसूचीत हे कासव आहे, आणि त्याच्या अंड्यांची नासधूस हा गुन्हा आहे. पण कायद्याची भीती घालण्यापेक्षा साधी गोष्ट सांगितलेली बरी: नोव्हेंबर-डिसेंबरपासून मार्चपर्यंत घरटी होतात आणि एप्रिल-मेपर्यंत पिल्ले निघतात, नेमके हेच दिवस नाताळच्या व उन्हाळ्याच्या सुट्टीचे. या काळात कासवांच्या पुळणींवर रात्री व पहाटे कुत्रा मुळीच नेऊ नये. दिवसा नेल्यास पट्ट्याने बांधूनच, पाण्याच्या कडेच्या ओल्या वाळूवरून न्यावा, वरच्या कोरड्या वाळूत शिरू देऊ नये. पिल्ले सोडण्याच्या वेळी तर तो मुक्कामाच्या घरीच असावा. तो दिवस कुत्र्याविना गेला असे मुलांस वाटेल. परंतु मुठीएवढे पिल्लू पहिल्या लाटेस भिडताना पाहिलेली मुले ती तक्रार फार वेळ करीत नाहीत.

वेळासहून दक्षिणेस निघावे म्हणजे केळशी लागते. खाडीच्या मुखाशी वाळूची मोठी टेकडी, नारळी-पोफळीच्या वाड्या आणि दोन्ही बाजूंस चिऱ्यांचे गडगे असलेल्या अरुंद बिद्या. येथे चालताना एक सावधगिरी लागते ती गावच्या कुत्र्यांची. प्रत्येक वाडीची आपली एक टोळी असते व तिची हद्द ठरलेली असते. पाहुणा कुत्रा हद्दीत शिरला की ओरडा सुरू होतो. अशा वेळी पट्टा आखूड करावा, पळू नये, आणि दगड उचलून गावकऱ्यांच्या डोळ्यांदेखत त्यांच्या जनावरास मारू नये. घरधन्यास सांगितल्यास तो पोरगा बरोबर देतो, आणि त्या पोराच्या एका हाकेत टोळी शेपट्या हलवू लागते. अलर्क रोगाची लस टोचलेली असल्याशिवाय कुत्र्यास कोकणातच काय, घराबाहेरही नेऊ नये, हे वेगळे सांगावयास नको.

आंजर्ल्याचा कड्यावरचा गणपती पाहून खाली जोग नदीच्या खाडीशी उतरावे. पूर्वी येथे तरीतून पलीकडे जावे लागे; आता पूल झाला आहे. पलीकडे हर्णै. समोर पाण्यात सुवर्णदुर्ग उभा आहे; १७५५ साली आंग्र्यांकडून तो गेला. हर्णैच्या बंदरावर मासळीचा लिलाव भरतो, आणि होड्यांतून उतरलेली मासळी पाण्यातून बैलगाड्यांनी किनाऱ्यास येते. हे दृश्य पाहावयास जरूर जावे; कुत्र्यास मात्र नेऊ नये. सुकत घातलेली मासळी हा कोळ्याचा गल्ला आहे. तेथे कुत्र्याने तंगडी वर केली किंवा जवळ्याच्या रासेत तोंड घातले, तर कोळीण जे बोलते ते ऐकून घेण्याखेरीज गत्यंतर नसते, आणि तिचे बोलणे रास्तच असते. पैसे पुढे केल्याने त्या मालाची विटाळलेली पाटी पुन्हा विकली जात नाही.

मोकळेपणाने धावावयाची जागा पुढे आहे. मुरूड व कर्दे या गावांची पुळण लांब, सपाट व घट्ट आहे. मुरूड हे महर्षी धोंडो केशव कर्वे यांचे गाव. १८७५ साली सतरा वर्षांचे धोंडोपंत परीक्षेकरिता येथून सातारा गाठावयास शंभराहून अधिक मैल पायी गेले, आणि तेथे ते वयाने लहान दिसतात म्हणून त्यांस परीक्षेस बसू दिले नाही. आज मोटारीतून उतरून दोन मैल चालताच दम लागणाऱ्या मंडळींनी संध्याकाळी वाळूत बसून मुलांस ही हकीकत सांगावयास हरकत नाही. कर्द्याच्या पुढे लाडघर. तेथील पाण्याला तांबूस छटा दिसते म्हणून त्यास तामसतीर्थ म्हणतात. या पुळणींवर अलीकडे घोडागाड्या, मोटारी व पाण्यावरची खेळाची यंत्रे यांची गर्दी झाली आहे. ती टाळावयाची तर गावापासून दूरच्या टोकास सकाळी सातच्या आत पोचावे. तेथेही हिवाळ्यात ओल्या वाळूवर कुरव पक्ष्यांचे थवे बसलेले दिसतात. दूर देशांहून आलेले हे पाहुणे तेथे विसावा घेत असतात. कुत्र्याने त्यांस उडविले की मुले टाळ्या पिटतात. पण दिवसातून दहा वेळा उडावे लागलेल्या पक्ष्याची शक्ती व्यर्थ जाते, आणि परतीच्या प्रवासास लागणारी चरबी त्याच्या अंगी राहत नाही.

कुत्र्याच्या शरीराविषयी थोडे सांगितले पाहिजे, कारण समुद्राची हवा चांगली म्हणून ती सर्वांस सदैव चांगली, असा एक गोड समज आहे. कुत्र्यास माणसासारखा सर्वांगास घाम येत नाही. जीभ बाहेर काढून धापा टाकणे हाच त्याचा गारवा. दमट हवेत तो उपाय फारसा चालत नाही. केसाळ पोमेरेनियन, आणि विशेषतः बसक्या नाकाचे पग व बुलडॉग यांस तर उष्मा त्वरित बाधतो. धाप थांबेनाशी झाली, हिरड्या गडद लाल दिसू लागल्या, पाऊल अडखळू लागले, की त्यास तत्काळ सावलीत नेऊन साध्या थंड पाण्याने भिजवावे, वारा घालावा व जनावरांच्या डॉक्टराकडे न्यावे. वाळू किती तापली आहे हे पाहावयास हाताची मागची बाजू तीवर टेकवावी. सात-आठ आकडे मोजेपर्यंत ती ठेववत नसेल तर कुत्र्याचे पायही तेथे टिकणार नाहीत. एप्रिल-मे महिन्यांत सकाळी नऊ ते सायंकाळी पाच हा काळ पडवीत काढावा.

तहानलेला कुत्रा समुद्राचे पाणी पितो. थोडे प्यायले तर उलट्या व जुलाब होतात. फार प्यायले तर रक्तातील मीठ वाढून झटके येतात व प्रसंगी जीव जातो. म्हणून गोड्या पाण्याची बाटली व पसरट वाटी ही बरोबर हवीतच, आणि दर पाव तासास पाणी पुढे करावे. लाटेने फेकलेल्या वस्तूंतही अनेक घातक असतात. फुगून गोल होणारा केंड मासा जाळ्यातून टाकून दिलेला पुष्कळदा दिसतो. त्याचे विष फार उग्र, आणि शिजविल्यानेही ते जात नाही. मेलेला वाटणारा समुद्रसर्प कधी जिवंत असतो. जेलीफिश वाळूत निपचित पडला असला तरी त्याचे तंतू डसतात. पाकटाच्या शेपटीतील काटा, नायलॉनच्या जाळ्यांचे तुकडे, गळ, ही सर्व कुत्र्याच्या तोंडात जावयास तयारच असतात. पावसाळ्याच्या तोंडावर डांबराचे काळे गोळे किनाऱ्यास लागतात. ते पायांस चिकटले तर रॉकेल लावू नये. खोबरेल तेलाने चोळून काढावे, साबणाने धुवावे आणि तोपर्यंत कुत्र्यास पाय चाटू देऊ नये. मुलांनी आणि कुत्र्यांनी एकमेकांच्या मागे पाण्यात धावण्याचा खेळ खाडीच्या मुखाजवळ मात्र कदापि करू नये. तेथे उतरत्या पाण्याची ओढ वरून दिसत नाही. आणि ओढ जितकी जबर तितके पाणी पृष्ठभागी संथ भासण्याचा संभव असतो.

फिरून आल्यावर विहिरीच्या किंवा नळाच्या पाण्याने कुत्र्यास न्हाऊ घालावे. केसांत राहिलेले मीठ व वाळू यांनी खाज सुटते, आणि एका रात्रीत तो स्वतःस ओरबाडून घेतो. बोटांच्या बेचक्या, कानांचा आतील भाग व मान ही नीट पाहावीत. वाडीतील गवतात व गोठ्याजवळ गोचीड फार. सापडलेली गोचीड चिमट्याने कातडीलगत धरून सरळ ओढावी, चिरडू नये. कान कोरडे करावेत. त्याने पुळणीवर केलेली घाण त्याच वेळी कागदात उचलून आणली असेल तर ती वाडीच्या बाहेरच्या खड्ड्यात टाकावी. विहिरीच्या आसपास नव्हे. मग त्यास भात द्यावा आणि ओसरीच्या थंड शेणसारवणावर निजू द्यावे. दुसऱ्या दिवसाची तिथी तेवढी पंचांगात पाहून ठेवावी. सप्तमी असेल तर सव्वापाचास भरती, म्हणजे पहाटेचा चहा घाईने घेण्याचे कारण नाही.